ज्योतीरामचा घाम

चिंचवड, ता. २ जुलै १९५६

ती. दादास इंद्रायणीचा नमस्कार.

ख्यालीखुशालीचं राहू दे. मी खुशाल नाही, आणि तूही नाहीस हे तुझ्या पत्रावरून कळलं. "झालं ते झालं, गुमान निघून ये" असं लिहिलंस. दादा, झालं ते अजून संपलेलं नाही. रोज सकाळी साडेसातला ते पुन्हा होतं.

कसं ते ऐक. आमच्या बरण्यांच्या कारखान्यात शिरलं की समोर मोठी भट्टी. तिच्या दाराशी नवा सागवानी फळा ठोकलाय. त्यावर पांढऱ्या रंगात लिहिलंय, "दारू पिऊन भट्टीजवळ येऊ नये. कामगार ज्योतीराम कुंभार याचा अपघात ध्यानात ठेवावा." खाली मॅनेजर अर्जुनरावांचं नाव. नवऱ्याचं नाव मी जन्मात एकदाच घेतलं, लग्नातल्या उखाण्यात. आता ते मी रोज वाचते, आणि त्याच्या शेजारी दारू. ज्या माणसानं सुपारीचं खांडसुद्धा कधी चघळलं नाही, त्याच्या नावाशेजारी!

हे गेल्यावर अर्जुनरावांनी मला कामावर घेतलं. केवढी मेहेरबानी! बरण्यांना कान चिकटवायचे, दिवसाला दोनशे. आता ते एक कागद पुढे करतात. फळ्यावर आहे तेच त्यात लांबलचक लिहिलंय. सही केली तर नोकरी कायम. मी म्हटलं, चष्मा आणते नि वाचते. मला चष्मा लागत नाही हे त्यांना कुठं ठाऊक! तीन महिने झाले, माझा चष्मा काही सापडत नाही.

आता खरी गोष्ट सांगते. हे गेले तेव्हा मी रडले नाही, तू पाहिलंस. वहिनी म्हणाली, दगड झाली पोर. दगड नव्हते रे झाले, पण आतलं बाहेर कुठून काढायचं तेच कळत नव्हतं. मागच्या महिन्यात कान चिकटवता चिकटवता उरलेला गोळा मुठीत राहिला. खाली पाहिलं तर बोटांनी यांची पाठ केली होती. वाकलेली, डावा खांदा थोडा वर. मी ती पाठ पदराखाली धरली आणि ढसाढसा रडले. शेजारच्या बायकांना वाटलं बोट कापलं.

तेव्हाच ठरवलं. फळ्यावर त्यांची गोष्ट त्यांनी लिहिली, माझी गोष्ट मी मातीत लिहिणार. भट्टीचं दार, दारात हे, मागे भट्टीवरचे मीरासाहेब आणि बाजूला अर्जुनराव. त्या दिवशी जसं घडलं तसंच. वाचता न येणाऱ्यालाही वाचता येईल असं.

तुझी,
इंदू


निघोजे, ता. ११ जुलै १९५६

चि. इंदीस चिमाजीचा आशीर्वाद.

तुजं पत्र तीनदा वाचलं. चवथी शिकल्याला मानूस, येळ लागतो. तुजी वहिनी इचारती, काय लिवलंय? म्या सांगितलं, बरी हाय. खोटं बोललो.

आगं येडे, मॅनेजर म्हंजी काय आपल्या आळीतला मानूस हाय व्हय? त्याच्या हातात कारखाना हाय. तू मातीच्या भावल्या करून त्याच्यासंगं भांडनार? बाईमानसानं बैल करावं, चुली कराव्या, गौरीचं मुखवटं करावं. आपल्यात बायका चाकाला हात लावत न्हाईत, ते काय उगं? भादव्यातला पोळा येतोय. तुज्या हातचं बैल लोक अजून मागत्यात. हितं ये, दोन येळचं खाऊन ऱ्हा.

आन् एक इचारतो, रागावू नको. गावात समदं तेच बोलत्यात. खरं सांग, त्या दिशी दाजींनी थोडी घेतली व्हती का? घेतली असंल तर असंल. मानूसच हाय.

चिमाजी


चिंचवड, ता. २२ जुलै १९५६

दादा,

नमस्कार आज नाही. तुझी ती शेवटची ओळ वाचून अंगाचा तिळपापड झाला. गाव बोलतं ते बोलू दे. यांनी तुझ्या ओट्यावर बसून तुझ्या मडक्यांना कडकड टिचक्या मारून पारख केली, तू पाजलेला चहा प्यायला, आणि तू विचारतोस घेतली होती का?

ऐक मग. हे मीरासाहेबांनी सांगितलेलं आहे. मीरासाहेब म्हणजे भट्टीत कोळसा घालणारे म्हातारबाबा, दापोडीला राहतात. ते तिथं हजर होते. बरण्या भाजतात त्या मातीच्या मोठाल्या डब्यांत बंद करून. डब्यावर डबा, छपरापर्यंत उतरंड. भट्टी विझली की तीन दिवस दार उघडायचं नाही, कारण तापल्या उतरंडीला बाहेरचा वारा लागला की डबे तडकतात. मार्गशीर्षात मुंबईचा माल गाडीवर चढवायचा होता. अर्जुनरावांनी दुसऱ्याच दिवशी दार फोडायला लावलं. मीरासाहेब म्हणाले, साब, अंदर अभी लाल है. हेही म्हणाले, उद्या काढू. अर्जुनराव नुसते मनगटावरचं घड्याळ बघत उभे राहिले. मग हे म्हणाले, बाबांचं वय झालंय, मी जातो. ओलं गोणपाट डोक्यावर घेतलं. दोन बरण्या बाहेर दिल्या. तिसरी देताना उतरंड आली अंगावर. मीरासाहेबांनी मागून सदरा धरला होता, तो फाटून त्यांच्या हातात राहिला.

हे पिऊन होते असं म्हणणाऱ्या पंचनाम्यावर मीरासाहेबांचा अंगठा आहे. काय लिहिलंय ते त्यांना कुणी वाचून दाखवलं नाही. मी वाचून दाखवलं, तेव्हा ते दोन दिवस जेवले नाहीत, असं त्यांच्या घरच्या खातूनबी सांगत होत्या.

म्हणून आता ते माझ्या बाजूनं आहेत. माझं काम ते डब्यात लपवून भट्टीत ठेवतात. पहिलं काम फुटलं. चूक माझीच. पोळ्याचे बैल भरीव केले तरी चालतात, तशीच ही माणसं मी भरीव केली. आत ओल राहिली आणि मोठ्या आगीत फाडकन उडाली. शेजारच्या तीन बरण्या घेऊन गेली. मीरासाहेबांनी कसंबसं निस्तरलं. तुकडे गोळा केले तर एक हात मिळाला नाही. आता आतून पोकळ करून नव्यानं चाललंय.

आणि बाईनं चाकाला हात लावायचा नाही म्हणतोस ना? नाही लावू दिलात, म्हणून मी सगळं नुसत्या बोटांनी घडवायला शिकले. आता भोगा.

एक मागणं आहे. इथली माती पांढरी. सगळेच पांढरेफटक दिसतात, हे आणि अर्जुनराव एकाच रंगाचे. मला ते नको. यांच्या अंगाला आपल्या खाणीतली लाल माती लावायची आहे. यांना ती फार आवडायची. एक पाटी पाठवशील? पण तिला ही आग सोसेल का, ते तूच सांग. त्या मातीतलं तुझ्याइतकं कुणाला कळत नाही.

इंदू


निघोजे, ता. ९ ऑगस्ट १९५६

चि. इंदे,

लई चुकलं. दाजींचं तसं इचारायला नको व्हतं.

माती पाठवतो. दुधाच्या गाडीवाला भिमाजी चिंचवडात आनून दील. म्या सोता चाळून, खडा काढून दिलीया. आग सोसंल, काय भ्या नको. पातळ लावू नको, जाड लाव. चांगली बोटभर लाव.

हितं आमी बरी हाओत. खाणीतल्या मातीचं एक मोठं काम मिळंलसं दिसतंय, भट्ट्या लिंपायला. बगू.

सही करून टाकली असतीस तर बरं झालं असतं. पर तू आयकनार न्हाईस. नदीचं नाव ठिवलं आन् फसलो.

चिमाजी


चिंचवड, ता. ३० ऑगस्ट १९५६

ती. दादास नमस्कार. (आज दोन नमस्कार, मागचा एक राहिला होता.)

पाटी मिळाली. वरचं फडकं काढलं आणि कितीतरी वेळ नुसता वास घेत बसले. भिमाजी म्हणाला, ताई, माती हाय, बासुंदी न्हाई. म्हटलं, तुला काय कळतंय!

काम झालं, दादा. दीड वीत उंचीचं आहे. भट्टीचं दार, आत उतरंड, दारात वाकलेले हे. डोक्यावर गोणपाट, हातात तिसरी बरणी. गोणपाटाची वीण काडीनं उमटवली, त्यातच चार दिवस गेले. मागे मीरासाहेब, सदऱ्याचं टोक मुठीत घट्ट. आणि बाजूला अर्जुनराव. त्यांना राक्षस करायचं मनात आलं होतं. दात काढले, डोळे मोठे केले, मग मोडून टाकलं. ते तसे नव्हतेच. साधे उभे होते, मान खाली, नजर घड्याळावर. तसेच केले. आता त्यांच्याकडे पाहिलं की माझं मलाच भ्यायला होतं.

यांच्या अंगाला तुझी माती लावली, बोटभर जाड, तू सांगितलंस तशी. लावताना वाटलं, आंघोळ घालते आहे. त्या दिवशी मला घालू दिली नव्हती. खाली तळाला यांचं नाव कोरलं. तोंडानं घेत नाही, पण बोटानं घेतलं.

परवा अर्जुनरावांनी बोलावलं. टेबलावर तो हरवलेला पांढरा हात! "हा काय प्रकार आहे?" मी म्हटलं, "हात आहे." "तुमच्या माहेरी मातीचे बैल करतात ना? बाहुल्या करायची खोड आहे म्हणे तुम्हाला." दादा, त्यांना माझ्या माहेरचं कुणी सांगितलं? कामावरच्या बायकांपैकी कुणीतरी चुगली केली असणार. जिनं केली तिच्या झिंज्या उपटीन. त्यांनी पुन्हा कागद पुढे केला. पुढच्या महिनाअखेरपर्यंत सही, नाहीतर काम बंद.

मीरासाहेब गणपती बसले की भट्टी भरणार आहेत. सगळ्यात खालच्या डब्यात माझी जागा.

इंदू


निघोजे, ता. ७ सप्टेंबर १९५६ (कार्ड)

इंदे, ते काम भट्टीत घालू नको. का म्हनून इचारू नको. थांब. म्या येतो.
चिमाजी


चिंचवड, ता. २१ सप्टेंबर १९५६

ती. दादास,

तुझं कार्ड भट्टी पेटल्यावर मिळालं. आणि तू काही आला नाहीस.

भट्टी उघडली. तीन दिवस थांबून, शिस्तीत. मीरासाहेबांनी डबा काढला, झाकण उचललं आणि "या अल्लाह" म्हणून मागे सरले. मी पाहिलं. बाकी सगळं ठणठणीत. पांढरं, घट्ट, ठोकलं तर घंटेसारखं वाजणारं. फक्त हे वितळले होते. तुझी लाल माती सगळी पातळ होऊन वाहिली होती. माझ्या तोंडून किंचाळी निघाली. म्हटलं, दुसऱ्यांदा मेले. पहिल्यांदा अर्जुनरावांच्या हातून आणि आता माझ्या हातून.

मीरासाहेबांनी डबा उजेडात आणला. खांद्यावरच्या फडक्यानं राख पुसली आणि म्हणाले, "बेटी, रो मत. बघ तरी नीट."

दादा, काय सांगू! माती वाहिली, पण खाली अंग जसंच्या तसं होतं. त्यावर तिचं तपकिरी पाणी चढलं होतं, लख्ख, ओलं दिसणारं. पाठीवरून ओघळ. कोपरावर एक थेंब लोंबतो आहे, पडत नाही. हनुवटीवर दुसरा. हे भट्टीतून बाहेर यायचे तेव्हा असेच यायचे. घामानं निथळलेले. मी दारात तांब्या घेऊन उभी असायची. माझ्या हातात कितीही कौशल्य असतं ना, तरी घाम करता आला नसता. तो तुझ्या मातीनं केला. बाकीचे सगळे कोरडे, घाम एकट्या यांना. आणि वाहून खाली साचलेल्या मातीनं पाय त्या मातीच्या भट्टीच्या जमिनीला असे धरलेत की आता ते कुणाला तिथून हलवता येणार नाहीत.

मीरासाहेबांनी राखेच्या गाडीतून ते बाहेर काढलं. आता दापोडीला खातूनबींच्या ज्वारीच्या कणगीत आहे.

मग सगळं शांत झाल्यावर मला तुझं कार्ड आठवलं. "का म्हणून विचारू नको." विचारते. तुझा जन्म त्या मातीत गेला. ती मोठ्या आगीत वितळते, हे तुला ठाऊक नव्हतं? आणि बोटभर जाड लाव असं तूच लिहिलंस. दादा, तुला ठाऊक होतं का?

इंदू


निघोजे, ता. २८ सप्टेंबर १९५६

इंदे,

व्हय. ठावं व्हतं.

मडकी भाजताना आव्याच्या तोंडाशी लई आग लागली की मडकं इतळून खंगर व्हतं. बा असताना कितीदा बगितलंय. म्हनून जाड लाव म्हनलो. जाड लावल्यावर समदं वाहून गोळा व्हईल, तू नाद सोडशील, सही करशील, असा हिशेब मनात.

आन् आता समदंच सांगतो. श्रावणाच्या तोंडावर तुजा मॅनेजर जीप घिऊन हितं आला व्हता. आपल्या ओट्यावर बसला, चहा प्याला. त्याच्या हातात त्यो पांढरा हात. म्हनला, हे कुणाचं काम? म्या पाह्यलं आन् वळखलं. तुजी बोटं मला कळत न्हाईत व्हय? अंगठ्याचं नख तू तसंच दाबतीस, लहानपनापास्नं. आन् म्या सांगून बसलो, आमच्या इंदीचं हाय. फुशारकीनं सांगितलं गं, भनीची कला म्हनून! मंग त्यो हसला. म्हनला, तिला गप बसवा, तुमच्या खाणीची माती कारखान्याला घेऊ, तुमालाबी कामावर घेऊ. ते मोठं काम लिवलं व्हतं, त्ये ह्येच.

कामावरच्या बायकांच्या झिंज्या उपटू नको. माज्या उपट.

लोभ झाला, खोटं न्हाई बोलत. आन् भ्याबी वाटलं, तुला रस्त्यावर काढत्याल म्हनून. पोळ्याचं बैल करायला बसलो तवा समोर गोळा, आन् मला कळंना बैलाची पाठ कशी करत्यात. हात चालंना. तवा त्ये कार्ड टाकलं. यायला निघालो व्हतो. मोशीपातूर आलो, आन् तुला काय तोंड दाखवू म्हनून माघारी फिरलो.

मॅनेजरला निरोप धाडलाय, माती मिळनार न्हाई.

तू भाऊ म्हनू नको, चालंल.

चिमाजी


दापोडी, ता. ३ ऑक्टोबर १९५६

चिमाजी कुंभार यांस,

पत्ता बदललाय तो बघ. महिनाअखेर झाली. माझा चष्मा सापडला नाही, म्हणून मला कामावरून काढलं. मीरासाहेबांच्या घरी राहते आहे. खातूनबींनी अर्धी खोली मोकळी करून दिली. परक्यांनी दिली, हे तुझ्यासाठी लिहिलं.

तुझं पत्र वाचून एक दिवस मी तुला मनात इतक्या शिव्या घातल्या की आईबापांचीसुद्धा क्षमा मागावी लागली. दुसऱ्या दिवशी विचार केला, रडून आणि शिव्या देऊन उपयोग काय? याच्याकडून काम करून घ्यावं.

येत्या तेरा तारखेला, शनिवारी खंडेनवमी. कारखान्यात हत्यारांची, भट्टीची पूजा असते. पुण्याहून कारखान्याचे मालक, शेठ, स्वतः पूजेला येतात, कामगारांची घरची माणसं येतात. त्या दिवशी पुजलेलं हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी जागचं हलवत नाही. आपल्या घरी बाचं चाक पुजलं की तू त्याला पाय लागू द्यायचा नाहीस, आठवतं ना? तिथंही तेच. मॅनेजर असला तरी तेच.

मला फाटकात घेणार नाहीत. मीरासाहेबांच्या पिशव्या झडती घेऊन सोडतात. पण पूजेची बोळकी, पणत्या घेऊन येणाऱ्या कुंभाराची पाटी कोण तपासणार? पाटी तू आणायचीस. सकाळी दापोडीला ये, खातूनबींकडून काम घे, पणत्यांच्या खाली ठेव आणि भट्टीपाशी मीरासाहेबांच्या हातात दे. मला भेटू नको. काम झाल्याशिवाय तुझं तोंड मला बघायचं नाही.

भीती वाटत असेल तर येऊ नको. मग मी स्वतः फाटकावर चढून जाईन. मला येतं चढता, तुला माहीत आहे.

इंद्रायणी ज्योतीराम कुंभार

(हो, नाव लिहिलं. आता लिहिणार.)


निघोजे, ता. १४ ऑक्टोबर १९५६, दसरा

चि. इंदे,

मीरासाहेबांनी समदं सांगितलंच असंल. तरी म्या पाह्यलं ते माज्या तोंडचं आयक. काल काम झाल्यावर तुज्या दारापातूर आलो व्हतो. आत तुजा आवाज आयकला, खातूनबीसंगं हासत व्हतीस. कडी वाजवायचा धीर झाला न्हाई.

फाटकावर पहाऱ्यावाल्यानं इचारलं, काय हाय? म्हनलं, पनत्या. वरची एक उचलून त्याच्या हातात ठिवली, घरी लाव म्हनलो. पाटी डोक्यावर, आन् पाटीत दाजी.

मीरासाहेबांनी त्ये काम फळ्याच्या बरूबर खाली ठिवलं, फावडी आन् गाड्यांच्या मदी, वरून झेंडूच्या माळा. कुनाला कळलं न्हाई. शेठ आलं. धोतर नेसून, भक्तिभावानं. फावड्याला हळदकुंकू, गाडीला हळदकुंकू, साच्यांना हळदकुंकू. माळांच्या मदी काय तरी देवाचं हाय असं समजून त्यालाबी हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या, नारळ फोडला. आरती झाली.

मंग मीरासाहेब म्होरं झाले आन् माळ उचलली.

इंदे, आरतीच्या टाळ्या तशाच हवेत ऱ्हायल्या. मंग मागून एक बाई म्हनली, "आगं बया, ह्यो तर ज्योतीराम!" दुसरा म्हनला, "आन् ह्ये मीरासाहेब." तिसऱ्याचं नाव कुनीच घेतलं न्हाई. समदी जनं वळली आन् मॅनेजरच्या मनगटाकडं बगाया लागली. त्यानं हळूच त्यो हात खिशात घातला. म्या डोळ्यांनी बगितलं.

"उचला ते!" म्हनून वराडला. एक मानूस जागचा हलला न्हाई. भट्टीवरचा हिंदुराव म्हनला, "साहेब, पुजलंय. उद्या सकाळपातूर हलवत न्हाईत." मॅनेजर शेठकडं बगाया लागला. शेठच्या बोटाला अजून कुंकू तसंच. त्यो फळा वाचत व्हता. फळा वाची, खाली बगी, पुन्ना फळा वाची. म्हनला, "आज राहू दे."

तवा मीरासाहेब बोलले. मोट्यानं बोलले. "ज्योतीराम पिऊन नव्हता. मी होतो तिथं. कागदावर अंगठा माझा आहे, पण मला वाचता येत नाही. आज सगळ्यांच्या समोर सांगतो. दार कुणी उघडायला लावलं, ते या मूर्तीत बघा."

शेठनं इचारलं, "ही कुणी केली?" म्या मागं लपून उभा व्हतो. कुनी तरी ढकलल्यावानी म्होरं आलो. म्हनलो, "माज्या भनीनं. इंद्रायणीनं. आन् लाल माती माजी हाय."

दिवसभर मानसं येत व्हती. दापोडीची, पिंपळे गुरवची, कुटकुटची. एका म्हातारीनं भाकरीचा निवद ठिवला. एक गडी त्या कोपरावरच्या थेंबाला बोट लावून बगत व्हता, वला हाय का म्हनून.

आज गावात आपट्याची पानं वाटताना म्या समद्यांना सांगितलं. दाजी पिऊन नव्हते. ज्यानं ज्यानं त्वांड वाकडं केलं त्याला सोनं दिलं न्हाई.

तुजा (तू म्हन्शील तर)
चिमाजी


दापोडी, ता. १९ ऑक्टोबर १९५६

दादा,

हो, दादाच लिहिलं. चूक नाही झाली.

तुला पुढचं कळलं नसेल. दसऱ्याला सकाळी, कुणी यायच्या आत, अर्जुनरावांनी स्वतः घण घेऊन ते काम फोडलं. खंडेनवमी संपली होती, त्यामुळे रीत काही मोडली नाही! मीरासाहेब पोचले तेव्हा चुरा पडला होता. पण पाय निघाले नाहीत, दादा. तुझ्या मातीनं धरलेले पाय, त्यांच्यावर घण घसरला म्हणे. खालचा तुकडा तसाच राहिला, नाव कोरलेला. तो आता माझ्यासमोर आहे.

मला वाटलं होतं, फुटलं तर मी मरेन. नाही मेले. उलट बरं वाटलं. दीड वीत मातीला भिऊन मॅनेजर पहाटे घण घेऊन येतो, म्हणजे गोष्ट नीट सांगितली गेली.

आता पुढचं ऐक. त्याच दिवशी दुपारी मोठी भट्टी पेटवायची होती. कोळशाखाली घालायला लाकूड लागतं. मीरासाहेब आणि हिंदुराव यांनी दोघांनी मिळून तो फळा उचकटला, मधोमध फोडला आणि भट्टीत घातला. सगळ्यांच्या देखत. अर्जुनराव ऑफिसच्या खिडकीतून बघत होते, म्हणतात. बाहेर आले नाहीत. सागवान चांगलं वाळलेलं होतं, पहिल्या काडीला धडाडून पेटलं. नवा फळा लावायला सुतार बोलावला तर सुतार म्हणाला, माझी बायको परवा पूजेला आली होती, मला जमणार नाही.

मला कामावर परत घेतलेलं नाही. शेठ पुण्याला गेले ते गप्प आहेत. कारखान्याची आशा मी सोडली आहे. पण भट्टीवाल्यांनी निरोप धाडलाय, प्रत्येक भट्टीत सगळ्यात खालचा डबा इंद्रायणीचा. अर्जुनराव किती फोडतात ते बघू. घण झिजेल, माझी बोटं झिजायची नाहीत. पुढचं काम दोन वीत करणार आहे. मग तीन.

तुला माफ केलं असं समजू नको. ते सावकाश करीन, मला घाई नाही. पण भाऊबिजेला ये. या वेळी कडी वाजव, दारातून परत फिरू नको. ओवाळणीचं काही आणू नको. आपल्या खाणीतली माती दोन पाट्या आण. आणि जाड लावायची की पातळ, ते आता खरं सांग.

तुझी,
इंदू